वडापच्या गाडीचे इंजिन : निवड आणि निगा

सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत 'वडाप' हा शब्द ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. एस.टी.ची वाट न पाहता रस्त्याच्या कडेला उभे राहून हात करायचा आणि थांबलेल्या जीपमध्ये किंवा व्हॅनमध्ये मिळेल त्या जागी बसायचे, याला वडाप म्हणतात. माणदेशात अशी गाडी अनेक कामे करते. सकाळी ती मुलांना शाळेत सोडते, दुपारी बाजारकऱ्यांना दहिवडी-म्हसवडला नेते, संध्याकाळी त्याच गाडीत दुधाच्या किटल्या किंवा पेंडीची पोती चढतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात पोचवणारी गाडीही बहुधा हीच असते.

वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या अवर्षणप्रवण भागात शेतीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. म्हणून कर्ज काढून एखादी गाडी घेणे हा अनेक घरांना जोडधंदा वाटतो. अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो. डिझेल घ्यावी, पेट्रोल घ्यावी की सी.एन.जी.? उत्तर बहुतेकदा शेजाऱ्याच्या अनुभवावरून किंवा विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरते. निवड चुकली किंवा निगा राखली नाही, तर कर्जाचे हप्ते संपण्याआधी इंजिन संपते. वास्तविक हा प्रश्न सोडवायला लागणारे बहुतेक विज्ञान आठवी ते बारावीच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ते या गाडीला लावून पाहू.

'टेम्पो' ते 'ईको'

आपण माल वाहणाऱ्या कोणत्याही छोट्या गाडीला 'टेम्पो' म्हणतो. हा शब्द मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याचे नाव होते. त्या कारखान्याच्या सहकार्याने १९५८ साली 'बजाज टेम्पो' ही कंपनी सुरू झाली. तिच्या तीनचाकी 'हॅन्सीट' गाड्यांमुळे हा शब्द मराठीत रुजला. पुढे याच कंपनीची 'मॅटॅडोर' आली आणि नंतर 'ट्रॅक्स' आली. २००५ साली कंपनीचे नाव 'फोर्स मोटर्स' झाले. महिंद्रची जीप खेड्यापाड्यांत आधीपासून होतीच. १९९४ मध्ये टाटांची 'सुमो' आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिला हे नाव दिले होते. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

दुसरी वाट छोट्या व्हॅनची. १९८४ मध्ये मारुतीने ७९६ घन सेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची व्हॅन आणली. पुढे तिलाच 'ओम्नी' म्हणू लागले. तीही २०१९ मध्ये बंद झाली. तिची जागा जिने घेतली ती 'ईको' २०१० पासून बाजारात आहे. या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनांच्या खाली असते आणि जोर मागच्या चाकांना मिळतो. त्यामुळे गाडीची लांबी वाढवल्याशिवाय आत भरपूर जागा मिळते. तोटा असा की इंजिन पाहायचे तर सीट उचलावी लागते, आणि जे सहज दिसत नाही त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

आज कमी किमतीत बहुउपयोगी गाडी हवी असणाऱ्यापुढे मुख्यत: तीन प्रकार असतात : ईकोसारखी पेट्रोल व्हॅन, तीच व्हॅन सी.एन.जी.वर, किंवा बोलेरो-ट्रॅक्ससारखी डिझेल गाडी. छोट्या व्हॅनमध्ये डिझेलचा पर्याय नाही. एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' ही प्रदूषणाची मानके लागू झाली. त्यांच्यासाठी डिझेल गाडीला जी धूरशुद्धीची यंत्रणा बसवावी लागते, तिचा खर्च लहान गाडीला परवडत नाही. मारुतीने तर त्या वेळी डिझेल गाड्या बनवणेच थांबवले.

ठिणगीचे आणि दाबाचे इंजिन

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटवले जाते. निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार टप्प्यांचे असे इंजिन चालवून दाखवले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. फक्त हवा दाबली जाते आणि ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ सालचे.

हवा किती तापत असेल? सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, तेच इथे घडते. डिझेल इंजिनात हवेचे आकारमान साधारण अठरावा हिस्सा होईपर्यंत ती दाबली जाते असे धरू. याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. उष्णता बाहेर न जाता हवा दाबली गेली, तर तिचे केल्व्हिनमधील तापमान (१८)^०.३५ पटीने, म्हणजे सुमारे २.७५ पटीने वाढते. सुरुवातीला हवा ३१० केल्व्हिन, म्हणजे ३७° से. असेल, तर शेवटी ती ८५० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे ५८०° सेल्सिअसला पोचते. डिझेल आपोआप पेटायला याच्या निम्मे तापमानही पुरते.

जास्त दाबण्याचा दुसरा फायदा कार्यक्षमतेचा. आदर्श इंजिनाच्या सूत्राप्रमाणे संपीडन गुणोत्तर जितके जास्त, तितका इंधनातील उष्णतेचा अधिक भाग कामात बदलतो. प्रत्यक्षात पेट्रोल इंजिन साधारण चौथा ते तिसरा हिस्सा आणि डिझेल इंजिन तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग वापरते. शिवाय पेट्रोल इंजिनात वेग कमी ठेवण्यासाठी हवेची वाट थ्रॉटलच्या झडपेने अडवावी लागते. अडलेली हवा ओढण्यात शक्ती वाया जाते. डिझेल इंजिन हवा मुक्तपणे घेते आणि फक्त इंधन कमी-जास्त करते. थांबत थांबत, हळू चालणाऱ्या गाडीत हा फरक जाणवतो.

डिझेलचा ॲव्हरेज जास्त असण्याचे आणखी एक साधे कारण आहे. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. म्हणजे निम्मे-अर्धे श्रेय इंजिनाचे नसून मापाचे आहे.

'गाडी ओढत नाही' म्हणजे काय?

फलटणहून दहिवडीला येताना मोगराळे घाट लागतो. भरलेली पेट्रोल व्हॅन अशा घाटात 'ओढत नाही', डिझेल जीप मात्र आरामात चढते, असे चालक सांगतात. व्हॅनची शक्ती कमी पडते का? हिशेब करू.

माणसे आणि सामानासह गाडी १५०० किलोची आहे. चढ १५ मीटरला १ मीटर आहे आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर आहे असे समजू. चढावर मागे ओढणारे बल वजनाचा पंधरावा भाग, म्हणजे सुमारे १००० न्यूटन. रस्त्याचा विरोध सुमारे ३०० न्यूटन आणि हवेचा ५०-६० न्यूटन. एकूण १३५० न्यूटन. याला वेगाने गुणले की लागणारी शक्ती मिळते : १३.५ किलोवॅट. ईकोच्या ११९७ घन सें.मी.च्या पेट्रोल इंजिनाची कमाल शक्ती ८०.७६ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ५९ किलोवॅट आहे. लागते त्याच्या चौपटीहून जास्त!

मग अडते कुठे? ही ५९ किलोवॅट शक्ती मिनिटाला ६००० फेऱ्यांना मिळते. तेवढ्या फेऱ्यांवर कोणी गाडी चालवत नाही. इथे महत्त्वाचा असतो टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. ईकोचा सर्वाधिक टॉर्क सुमारे १०४ न्यूटन-मीटर असून तो ३००० फेऱ्यांना मिळतो. त्या वेळची शक्ती होते सुमारे ३३ किलोवॅट. बोलेरोच्या १४९३ घन सें.मी.च्या डिझेल इंजिनाची कमाल अश्वशक्ती ईकोहून थोडी कमीच, ७६ आहे. पण तिचा टॉर्क २१० न्यूटन-मीटर आहे आणि तो १६०० फेऱ्यांपासूनच मिळतो. त्या फेऱ्यांना शक्ती होते सुमारे ३५ किलोवॅट. म्हणजे पेट्रोल इंजिन ३००० फेऱ्यांना जे देते, ते डिझेल इंजिन जवळजवळ निम्म्या फेऱ्यांना देते. यात टर्बोचार्जरचा मोठा वाटा आहे. बाहेर जाणाऱ्या धुरावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो.

यातून व्यावहारिक धडा मिळतो. पेट्रोल व्हॅनने चढ चढता येतो, पण वेळीच खालचा गिअर टाकून इंजिनाचे फेरे वाढू द्यावे लागतात. 'पेट्रोल वाचावे' म्हणून वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवले, किंवा क्लच अर्धा दाबून गाडी ओढली, तर वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च क्लचप्लेटवर होतो. रोज जड माल आणि चढाचा रस्ता असेल, तर मात्र डिझेलचे पारडे जड ठरते.

सी.एन.जी. : लिटर आणि किलोची गफलत

सी.एन.जी. म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू. त्यात मुख्यत: मिथेन असतो. ईकोसाठी कंपनीने दिलेले आकडे पेट्रोलवर लिटरला १९.७१ किलोमीटर आणि सी.एन.जी.वर किलोला २६.७८ किलोमीटर असे आहेत. पुष्कळांना वाटते की वायूवर इंजिन जास्त कार्यक्षम होते. पण एक किलो सी.एन.जी.मध्ये सुमारे ४८ मेगाज्यूल ऊर्जा असते. भागाकार केला तर एका मेगाज्यूलमध्ये गाडी पेट्रोलवर ०.६२ किलोमीटर आणि सी.एन.जी.वर ०.५६ किलोमीटर जाते. सिलिंडरच्या जादा वजनासह वायूवर गाडी किंचित कमीच पळते. बचत होते ती दर मेगाज्यूलला पैसे कमी पडतात म्हणून.

शक्तीही घटते. पेट्रोलवर ८०.७६ अश्वशक्ती, तर सी.एन.जी.वर ७१.६५, म्हणजे सुमारे ११ टक्के कमी. याचे कारण रसायनशास्त्राच्या तासाला काढता येते. मिथेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून एका भाग मिथेनला साडेनऊ भाग हवा लागते. याचा अर्थ सिलिंडरमधील जवळजवळ साडेनऊ टक्के जागा इंधनच व्यापते. पेट्रोलऐवजी ऑक्टेन धरला, तर एका रेणूला ऑक्सिजनचे साडेबारा रेणू, म्हणजे सुमारे ६० भाग हवा लागते. पेट्रोलची वाफ दोन टक्क्यांहूनही कमी जागा घेते. मिथेनमुळे जितकी हवा बाहेर राहिली, तितके ज्वलन कमी. शिवाय पेट्रोलची वाफ होताना हवा थंड आणि दाट होते, तो फायदा वायूला मिळत नाही. दोन्ही मिळून सुमारे ११ टक्क्यांची घट समजते.

माणसारख्या भागात सी.एन.जी.चा निर्णय इंजिनापेक्षा पंपाच्या अंतरावर अवलंबून आहे. एकदा भरलेल्या सुमारे १० किलो वायूवर प्रत्यक्षात २५० किलोमीटर जाता आले असे धरू. पंप २५ किलोमीटरवर असेल आणि फक्त वायूसाठी जावे लागत असेल, तर जाण्या-येण्याचे ५० किलोमीटर त्यातच खर्च होतात. भरलेल्या वायूचा पाचवा हिस्सा वायू आणण्यातच गेला! रोजचा रस्ताच पंपावरून जात असेल, तर हा तोटा शून्य. दर किलोमीटरची बचत काढताना हा हिशेब विसरता कामा नये.

किती किलोमीटरनंतर फायदा?

महागड्या पर्यायाची जादा किंमत कधी वसूल होते, ते काढायला साधे भागाकाराचे सूत्र पुरते :

जादा किंमत ÷ दर किलोमीटरची बचत = वसुलीचे अंतर

समजा सी.एन.जी.ची गाडी ९०,००० रुपयांनी महाग आहे आणि दर किलोमीटरला २ रुपये वाचतात. मग ४५,००० किलोमीटर चालल्यावर जादा किंमत फिटेल. गाडी दिवसाला ६० किलोमीटर, वर्षातले ३०० दिवस चालत असेल, तर वर्षाला १८,००० किलोमीटर होतात आणि वसुलीला अडीच वर्षे लागतात. पण ती दिवसाला २० किलोमीटरच धावत असेल, तर साडेसात वर्षे! आकडे येथे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आपल्या गावचे त्या दिवशीचे दर घालून विद्यार्थ्यांनी हे गणित करावे. कर्जावरचे व्याज धरले तर उत्तर आणखी लांबते, हेही त्यांच्या लक्षात येईल.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. देशात हे प्रमाण २०२५ मध्ये गाठले गेले. उसापासून आणि धान्यापासून बनणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरला सुमारे २१ मेगाज्यूलच ऊर्जा असते. म्हणून मिश्रणात ती सुमारे ३० मेगाज्यूल होते, शुद्ध पेट्रोलपेक्षा ६ ते ७ टक्के कमी. जुन्या गाडीचा ॲव्हरेज थोडा उतरला, तर मिस्त्रीला दोष देण्याआधी हा हिशेब पाहावा. जुनी व्हॅन विकत घेताना तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का, हेही विचारावे.

निगा : माणदेशातले तीन शत्रू

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत देखभालीचे वेळापत्रक असते. त्यातच 'खडतर वापरासाठी' वेगळी, कमी अंतराची मुदत दिलेली असते. धूळ, ऊन, जड ओझे आणि छोट्या फेऱ्या असलेला माणदेशातला वापर खडतरच म्हणावा लागेल. इथे इंजिनाचे मुख्य शत्रू तीन : धूळ, दुष्फेन पाणी आणि अती ओझे.

धूळ : १.२ लिटरचे चार टप्प्यांचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा घेते. थ्रॉटल पूर्ण उघडी असेल, तर ३००० फेऱ्यांना मिनिटाला १८०० लिटर, म्हणजे तासाला १०८ घनमीटर. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गखोलीत नेमकी एवढी हवा मावते. एका तासात एक वर्गखोली! दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेल्या धुळीत फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचे कण असतात. त्यांचे काठिण्य मोहच्या मापनश्रेणीवर सुमारे ६ आणि गारगोटीचे ७. सिलिंडरचे लोखंड आणि दट्ट्याचे ॲल्युमिनियम त्याहून मऊ. एअर फिल्टर फाटका असेल, तर ही धूळ तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखी घासत राहते. मग इंजिन तेल खाऊ लागते आणि निळसर धूर सोडते. फिल्टर झटकताना जोराच्या हवेचा झोत जवळून मारल्यास कागदाला बारीक चिरा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. फिल्टर वेळेवर बदलणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

दुष्फेन पाणी : रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की कूपनलिकेचे पाणी ओतायची सवय अनेकांना असते. या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. चहाच्या पातेल्यात जमतो तोच. हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता जवळजवळ शंभरपट कमी वाहतो. इंजिनातली उष्णता बाहेर पडत नाही, उन्हाळ्यात गाडी 'हीट' होते, सिलिंडर हेड वाकते आणि गॅस्केट जाते. एका बादलीचे मोल मग हजारोंच्या खर्चात मोजावे लागते.

'आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला?' हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. कूलंट गोठणबिंदू खाली नेते तसेच उत्कलनबिंदू वरही नेते. शिवाय त्यातील रसायने धातूला गंजू देत नाहीत. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. आतला दाब वातावरणापेक्षा ०.९ पटीने वाढला की पाणी १००° ऐवजी सुमारे ११९° सेल्सिअसला उकळते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरला की ते पाणी क्षणात उकळून बाहेर उसळते आणि तोंड-हात भाजतात. भर घालायची तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट मिसळून.

अती ओझे : १५०० किलोच्या गाडीत माणसे कोंबून ती २००० किलोची केली, तर त्याच वेगाला तिची गतिज ऊर्जा एकतृतीयांशाने वाढते. ब्रेकचे बल तेवढेच राहिले, तर थांबायचे अंतरही एकतृतीयांशाने वाढते. शाळेची मुले भरलेल्या गाडीपुढे कोणी आडवे आले, तर हे जादा अंतर कुठून आणायचे?

घाट उतरताना प्रश्न आणखी गंभीर होतो. १५०० किलोची गाडी २०० मीटर उंची उतरली, तर सुमारे ३० लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकच्या साधारण ३० किलो लोखंडात गेली, तर त्याचे तापमान २०० अंशांहून जास्त वाढेल. तापलेल्या ब्रेकची पकड सुटते. म्हणून ज्या गिअरने घाट चढतो, त्याच गिअरने उतरावा. इंधन वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा आत्मघात आहे. आधुनिक इंजिनात उतारावर गिअरमध्ये पाय काढला की इंधनाचा फवारा आपोआप बंद होतो, त्यामुळे त्यात बचतही नाही.

प्रत्येक इंधनाची वेगळी पथ्ये

नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. साठलेली काजळी जाळून टाकायला गाळणीचे तापमान साधारण ६००° सेल्सिअसपर्यंत जावे लागते. दोन-तीन किलोमीटरच्या थांबत्या फेऱ्यांत ते जात नाही आणि गाळणी तुंबते. अशी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग चालवावी. तेल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे, कारण चुकीच्या तेलाची राख गाळणीत कायमची बसते. फक्त गावातल्या छोट्या फेऱ्या असणाऱ्याने डिझेलचा आग्रह धरू नये, तो यामुळेच.

सी.एन.जी. पेटवायला ठिणगी अधिक जोरकस लागते, म्हणून स्पार्क प्लग वेळेवर बदलावे लागतात. वायूच्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब असतो. दर तीन वर्षांनी त्याची जलदाब चाचणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. प्रमाणपत्राची तारीख पाहणे हे मुलांना गाडीत बसवणाऱ्या पालकांचे आणि शिक्षकांचेही काम आहे.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे पेट्रोल व्हॅन स्वयंपाकाच्या गॅसवर चालवणे. हे बेकायदा तर आहेच, पण त्यामागचे विज्ञानही समजून घ्यावे. हवेचा सरासरी रेणूभार २९, मिथेनचा १६. गळालेला मिथेन वर जाऊन पांगतो. स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनचा रेणूभार ४४ आणि ब्युटेनचा ५८. तो खाली, गाडीच्या तळाशी साचतो. ज्या गाडीत इंजिन आसनांखालीच आहे, तिथे एक ठिणगी पुरते. शाळेच्या गाडीत घरगुती गॅसची टाकी दिसली किंवा तसा वास आला, तर मुलांना खाली उतरवण्याला पर्याय नाही.

वर्गात करण्यासारखे

१. कूपनलिकेचे, विहिरीचे आणि पावसाचे (किंवा डिस्टिल्ड) पाणी सारख्या प्रमाणात तीन भांड्यांत आटवा. उरलेल्या थरावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे कुठे आणि का येतात?

२. गॅरेजमधून जुना एअर फिल्टर मागून आणा. पांढऱ्या कागदावर झटकून धूळ भिंगाखाली पाहा. ती काचेच्या तुकड्यावर घासली तर ओरखडे उठतात का?

३. गावातील पाच चालकांना विचारून तक्ता करा : गाडी, इंधन, दिवसाचे किलोमीटर, इंधनाचा खर्च, वर्षाचा दुरुस्तीखर्च. दर किलोमीटरचा खर्च काढा. सर्वांत जास्त ॲव्हरेज देणारी गाडीच सर्वांत स्वस्त पडते का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'नाही' असे येईल. रोजची धाव, रस्त्याचा चढ, पंपाचे अंतर आणि मालकाची निगा यांवर ते ठरते. त्यामुळे 'कोणते इंजिन चांगले?' असे कोणी विचारले, तर आधी त्याला विचारावे, 'गाडी रोज कुठे, किती आणि काय घेऊन जाणार?' हे आकडे मांडता आले, तर पुढचे गणित दहावीचा विद्यार्थीही घरी करून दाखवील. ते कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी व्हावे, एवढेच.